‘हं’चा तपास

काकूंनी ‘हं’ म्हणणं बंद केलं तो बुधवार होता, आणि त्यांच्या नवऱ्याच्या, म्हणजे बिनचूकरावांच्या, ते शनिवारपर्यंत लक्षातही आलं नाही. एका दैनिकात चौतीस वर्षं मुद्रितशोधक म्हणून काढलेल्या माणसाच्या नजरेतून गळलेला शब्द तीन दिवस निसटावा, ही गोष्ट त्यांनी पुढे कुणालाही सांगितली नाही. आपण सांगतो आहोत, कारण आपल्याला त्यांच्या शेजारी राहायचं नाही.

‘बिनचूकराव’ हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. छापखान्यात अक्षरं जुळवणाऱ्यांनी ते वैतागून ठेवलं, तिथून ते राहत्या इमारतीत आलं आणि बिनचूकरावांनी ते पदवी म्हणून स्वीकारलं. लग्नाची पत्रिका हातात आली की त्यांना वधूवरांच्या आधी चुका दिसत. खालच्या मजल्यावरच्या विमावाल्यांनी एकदा कुणाच्या तरी निधनाचं पत्रक वाटलं होतं, ते यांनी तीन दुरुस्त्या करून परत पाठवलं. विमावाले तेव्हा दुःखात होते, त्यामुळे फारसं काही बोलले नाहीत.

तर बुधवार. शब्दकोश कार्यालयाने नव्या कोशाची कच्ची यादी प्रसिद्ध करून नागरिकांकडून सूचना मागवल्या होत्या. कुणी तरी सूचना मागवल्या आहेत हे वाचूनच बिनचूकरावांना तरतरी आली होती. चौदा दिवस चुका शोधत ते ‘ह’पर्यंत आले आणि त्याच वेळी काकूंनी टेबलावर कप ठेवला.

"चहा निवतोय हं."

बिनचूकरावांचं बोट पानावर थांबलं. "तुझं हे हं यात नाही," ते म्हणाले.

"कशात?"

"कोशात. ‘ह’चं पान उघडलं की पहिलाच शब्द ‘हंगाम’. म्हणजे हं हा शब्दच नाही. छत्तीस वर्षं तू एक नसलेली गोष्ट प्रत्येक वाक्याच्या शेपटीला बांधत आली आहेस."

हे त्यांनी रागाने म्हटलं नव्हतं. उलट, चूक सापडली की त्यांना जो निर्मळ आनंद होई, त्या आनंदात म्हटलं होतं. काकूंनी पदराला हात पुसले, चष्मा लावला, यादी हातात घेऊन पान वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि परत दिली.

"खरंच नाहीये," त्या म्हणाल्या. "बरं."

‘बरं’ यादीत होतं.

शनिवारी सकाळी काकू म्हणाल्या, "औषध घ्या." बिनचूकरावांनी घेतलं. काहीतरी टोचलं, पण काय ते कळेना. औषधच कडू असेल असं वाटलं. मग दिवसभर तेच. "छत्री न्या." "जिना ओला आहे." "दार ओढून घ्या." एकेक वाक्य तपासून पाहिलं तर कर्ता, कर्म, क्रियापद सगळं जागच्या जागी. तरी घरात भिंतीभिंतीला सूचनाफलक लावल्यासारखं वाटू लागलं. "जिना ओला आहे हं" असं कुणी म्हटलं की आपला हात धरल्यासारखा वाटतो. नुसतं "जिना ओला आहे" म्हणजे नगरपालिका बोलते आहे.

"तू रागावली आहेस का?" त्यांनी रात्री जेवताना विचारलं.

"छे. कशाबद्दल?"

"मग ते तुझं कुठे गेलं?"

"काय ते?"

आता आली पंचाईत. हा शब्द त्यांनी स्वतःच्या तोंडाने जन्मात उच्चारलेला नव्हता. त्यांनी घसा साफ केला. "हं," ते म्हणाले.

"अहो, ते नाहीच ना मुळात. तुम्हीच दाखवलंत. नसलेला शब्द उगाच कशाला तोंडात घोळवायचा?" काकूंनी त्यांच्या ताटात भाजी वाढली. "तुमचं सगळं शुद्ध असतं. मीच मेली इतकी वर्षं गबाळं बोलत राहिले."

‘गबाळं’ हे त्या जरा हळू म्हणाल्या. बायको रागावली असती तर तिचा राग काढता आला असता. पण तिने मान्यच केलं होतं, आणि मान्य करणाऱ्या माणसाची समजूत कशी काढायची हे त्यांना माहीत नव्हतं. दुसरा कुणी साधा माणूस असता तर "चुकलं माझं" म्हणून मोकळा झाला असता आणि भाजीचा दुसरा घास घेतला असता. पण ज्याला सारी इमारत बिनचूक म्हणते त्याला हे वाक्य कुठून येणार? माफी मागण्यापेक्षा कोश बदलणं त्यांना सोपं वाटलं. सोमवारी सकाळी दहाला ते शब्दकोश कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर हजर झाले.

तिथे खोक्याखोक्यांतून शब्दांची कार्डं लावून ठेवली होती आणि त्या खोक्यांच्या मधोमध एक कोशवाल्या बाई बसल्या होत्या.

"कोणता शब्द?" बाईंनी मान वर न करता विचारलं.

"हं."

"हो, कोणता?"

"तोच," बिनचूकराव म्हणाले आणि कागदावर लिहून दाखवला.

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. शब्दाकडे पाहिलं, मग शब्द आणणाऱ्याकडे पाहिलं, आणि खणातून ‘नमुना नऊ’ नावाचा फॉर्म काढला. त्यावर पाच मोठे चौकोन होते. गेल्या पाच दशकांतलं एकेक दशक एकेका चौकोनात. प्रत्येक दशकातला निदान एक छापील वापर हवा. वर्तमानपत्र किंवा मासिक, दिनांक, पान, रकाना. उतारा हाताने उतरवलेला. आणि प्रत्येक चौकोनाखाली जुने अंक सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचा शिक्का.

"अहो, पण रस्त्यात उभं राहून कान दिला तर मिनिटाला दहा ऐकू येतील," बिनचूकराव म्हणाले.

"बोलण्याला तारीख नसते, काका. आम्हांला तारीख लागते."

"आणि एखादा चौकोन रिकामा राहिला तर?"

"तर वापर खंडित धरतात. मग शब्द पुढच्या आवृत्तीत."

"ती कधी निघते?"

"ही पंचवीस वर्षांनी निघतेय," बाई म्हणाल्या. "मुदत महिनाअखेर, पाच वाजेपर्यंत. साडेचारलाच या. शिक्क्याचे लोक पाचला घरी जातात."

बिनचूकराव चौसष्ट वर्षांचे होते. चौसष्ट आणि पंचवीस ही बेरीज त्यांनी जिना उतरताना केली आणि अर्ध्यात सोडून दिली. असे कडक नियम एरवी त्यांना फार आवडत. आपल्यावर लागू झाले की नियमांचा चेहरा बदलतो, हे त्यांना त्या दिवशी प्रथमच कळलं.

संध्याकाळपर्यंत इमारतीत बातमी झाली. विमावाले लगेच वर आले. "काका, एवढी यातायात कशाला?" ते म्हणाले. "पेपरात छोटी जाहिरात द्या. ‘आमचं दुकान चालू आहे हं.’ झाला छापील वापर."

"दुकान कुणाचं?"

"ते आपण बघू."

"आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या अंकात जाहिरात कशी द्यायची?"

विमावाल्यांनी याचा विचार केला नव्हता. ते विचार करायला म्हणून बसले आणि चहा घेऊनच उठले. मग वरच्या मजल्यावरच्या भूगोलाच्या बाई आल्या. निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली होती, तरी समोरचा माणूस नकाशा विसरून आला आहे अशाच नजरेने त्या पाहत. त्यांचं म्हणणं, शब्दच बदला. "‘अय्या’ घ्या. ‘अय्या’ला जोर आहे. हं म्हणजे काय, नुसता श्वास."

"मला हाच हवा आहे," बिनचूकराव म्हणाले. का, ते मात्र सांगितलं नाही. काकू आत ताटं पुसत होत्या.

परगावी असलेल्या मुलीने फोनवरून सांगितलं, "बाबा, जुने अंक हल्ली कॉम्प्युटरवर असतात. ग्रंथालयात जायचं, शब्द टाकायचा, बटण दाबायचं." बिनचूकराव गेले, शब्द टाकला, बटण दाबलं. एक लाख त्र्याण्णव हजार पानं आली. त्यांत हंगाम होते, हंगामी कर्मचारी होते, हंडे होते, हंबरडे होते आणि अहंकार तर इतके होते की लोक त्या काळी दुसरं काही करत नसावेत. नुसतं, एकटं, सुटं हं शोधायला यंत्राला सांगितलं, तेव्हा त्याने जिथेजिथे शाईचा ठिपका पडला होता तो प्रत्येक ‘ह’ समोर आणून उभा केला. दुपारपर्यंत चारशे ठिपके तपासून बिनचूकराव घरी आले. काकूंनी दार उघडलं. "हातपाय धुवा," त्या म्हणाल्या. बिनचूकराव पुढच्या शब्दाची वाट बघत क्षणभर पायपुसण्यावर उभे राहिले आणि मग मोरीत गेले.

उरली ती एकच जागा. ज्या दैनिकात चौतीस वर्षं काढली, त्याच्या तळघरात पन्नास वर्षांचे अंक महिन्यामहिन्याने बांधून ठेवलेले होते. तिथला फायलीवाला हा एक कोरडा, सडपातळ माणूस होता. त्याने बिनचूकरावांना ओळखलं, पण ओळख दाखवली नाही. "पेन बाहेर. पेन्सिल चालेल. जोरात शिंकायचं नाही, कागद फाटतात," एवढं बोलून त्याने सर्वांत जुनी फाइल समोर आदळली. धुळीचा लोट उठला आणि बिनचूकरावांनी नाक दाबून पहिली शिंक आतल्या आत जिरवली.

आणि काय सांगावं, पहिल्या दशकात हं नुसतं पसरलेलं होतं. साबणाच्या जाहिरातीत: ‘फेस डोळ्यांत जाऊ देऊ नका हं!’ हरवले-सापडलेच्या सदरात: ‘काळी छत्री, मूठ तुटकी, भाग्यवान आहे, परत करा हं.’ मुलांच्या पानावर ‘डोकं चालवा’ नावाचं कोडं येई, त्याच्याखाली दर रविवारी: ‘उत्तर पान सहावर. आधी बघायचं नाही हं.’ बिनचूकराव वाचत गेले. छापलेलं वाचताना चूक सोडून दुसरं काही दिसण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती. त्या छत्रीच्या मालकाला छत्री मिळाली असेल का, असाही विचार त्यांच्या मनात येऊन गेला. पहिला चौकोन भरला. शेवटच्या, म्हणजे ते निवृत्त झाल्यानंतरच्या काळातही हं मुबलक होतं. पाचवा चौकोनही दुपारी भरला. आता मधले तीन म्हणजे हातचा मळ, अशा खुशीत त्यांनी पहिल्या दशकातली एक फाइल शेवटची चाळायला घेतली, आणि तिथे घात झाला.

एका कापडाच्या दुकानाची पानभर जाहिरात होती. वर ठळक अक्षरांत ‘भव्य सलवत’. बिनचूकराव नंतर शपथेवर सांगत होते की त्यांनी काहीच केलं नाही, हाताने केलं. ‘ल’ आणि ‘व’ यांची जागा बदलण्याची खूण काढून, समासात रेघ ओढून, पेन्सिल थांबली तेव्हा फायलीवाला मागे उभा होता.

"हे काय केलंत?"

"दुरुस्ती."

"बेचाळीस वर्षांपूर्वीच्या अंकात?"

"चूक ती चूकच," बिनचूकराव म्हणाले. पण आवाज बारीक झाला होता.

त्यांना तळघरातून बाहेर काढण्यात आलं. ज्या इमारतीत माणसं त्यांच्या सहीची वाट बघत थांबायची, तिच्या दारात रखवालदाराने त्यांची पेन्सिल जप्त केली. पुन्हा आत यायचं तर दिलगिरीचं पत्र, तीन प्रतींत, व्यवस्थापकांच्या मंजुरीने. पत्राचा मसुदा कचेरीनेच छापून ठेवला होता, फक्त सही करायची. त्यात ‘दिलगिर’ असं छापलं होतं. यावर जास्त काय बोलायचं? दुसरं पत्र पहिल्या पत्रात केलेल्या दुरुस्तीबद्दल दिलगिरी व्यक्त करणारं होतं. ते त्यांनी डोळे मिटून सही करून दिलं. या सगळ्यात आठ दिवस गेले आणि महिना संपायला पाच दिवस उरले.

मग सुरू झाले ते तीन रिकामे चौकोन. दुसरं दशक: काही नाही. तिसरं: काही नाही. चौथं: छे. साबणाच्या जाहिराती होत्या, हरवलेल्या छत्र्या होत्या, गोष्टी होत्या, पत्रं होती, आणि सगळीकडे भाषा अशी स्वच्छ, की बोट फिरवलं तर धूळ लागू नये. बिनचूकरावांनी यावर एक उपपत्ती मांडली. त्या तीस वर्षांत समाज गंभीर झाला होता. भूगोलाच्या बाईंना ती एकदम पटली. त्या म्हणाल्या, पावसाचं प्रमाणही त्याच काळात बदललं. दोघांनी जिन्यात उभं राहून यावर पाऊण तास चर्चा केली.

उपपत्ती दोन दिवस टिकली. तिसऱ्या दिवशी बिनचूकराव पुन्हा मुलांच्या पानाकडे वळले, कारण कोडंवाला तरी गंभीर झाला नसेल अशी त्यांना आशा होती. एका रविवारी होतं: ‘आधी बघायचं नाही हं.’ पुढच्या रविवारी: ‘आधी पाहू नये.’ त्याच्या पुढच्याही रविवारी ‘पाहू नये’. समाज एका आठवड्यात गंभीर कसा होईल? त्यांनी तारीख पाहिली. त्या दोन रविवारांच्या मधल्या सोमवारी ते नोकरीला लागले होते.

मग सगळं आठवलं. नवी पेन्सिल, ओल्या प्रुफांचा वास, आणि वरिष्ठांचं पहिल्याच दिवशीचं वाक्य: "फालतू काढत जा, जागा वाचते." त्या पेन्सिलीला जाहिरात, पत्र, गोष्ट, कोडं सगळं सारखंच होतं. कोडंवाले एकदा जिना चढून वर आले होते, अर्धे केस पिकलेले. "माझं हं कुणी काढलं हो?" त्यांनी विचारलं होतं. "अनावश्यक आहे," चोवीस वर्षांच्या बिनचूकरावांनी मान वर न करता सांगितलं होतं. त्यानंतर अकरा वर्षं कोडंवाल्यांनी दर आठवड्याला ते लिहिलं आणि अकरा वर्षं यांनी दर आठवड्याला ते काढलं. दोघांपैकी कुणीही हार मानली नाही. मग कोडंवाले निवृत्त झाले.

बिनचूकरावांनी फाइल मिटली. त्यांना शरम वाटली. दुसरा शब्द नाही. आयुष्यभर ज्या कामाचा अभिमान बाळगला, त्यात त्यांनी माणसांच्या बोलण्यातली माया वेचून वेचून बाहेर टाकली होती, आणि वर तिचा पुरावा मागत फिरत होते.

घरी आले तेव्हा काकू कपड्यांच्या घड्या करत होत्या. बिनचूकरावांनी कोट काढला नाही. "शब्द सापडत नाही," ते म्हणाले. "मीच काढलाय."

"कुठून?"

"सगळीकडून. चौतीस वर्षं."

काकूंच्या हातातला टॉवेल थांबला. "एकही सुटला नाही?"

"माझ्या हातून?" बिनचूकराव म्हणाले, आणि त्या दोन शब्दांतही थोडा ताठा आला हे त्यांच्याच लक्षात आलं. मग ते पलंगाच्या कडेवर बसले. "चुकलं माझं," ते म्हणाले. "त्या बुधवारी तुला म्हणालो ते. आणि त्याच्या आधीचं सगळंच. तू तसं म्हणत नाहीस तर घर परक्यासारखं वाटतं."

छत्तीस वर्षांत न ऐकलेलं वाक्य ऐकल्यावर बायकोने काय करावं याचा काही नियम नाही. काकूंनी टॉवेलाची घडी पुरी केली. ती वाकडी झाली, म्हणून पुन्हा केली.

"मग तुम्ही नव्हतात त्या दिवसांचे अंक बघायचे," त्या म्हणाल्या.

"मी रोज असायचो. पावसातसुद्धा गेलो आहे."

"तीन वेळा नव्हतात. आपल्या लग्नाला चार दिवस रजा. मुलगी झाली तेव्हा दोन दिवस. आणि माझ्या ऑपरेशनला नऊ." काकूंनी तिन्ही तारखा वारांसकट सांगितल्या. "तुम्ही रजेवर, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या अंकात तुमची पेन्सिल नाही. एकेका चौकोनात एकेक रजा बसते. बघा."

बिनचूकरावांनी तीन बोटं मोजून पाहिली. चौतीस वर्षं ज्या डोक्याने वाक्यं तपासली, त्यात ही साधी गोष्ट आली नव्हती.

"मी पण येते," काकू म्हणाल्या. "तुम्ही एकटे गेलात तर परत काहीतरी दुरुस्त कराल."

दुसरा दिवस मुदतीचा शेवटचा. फायलीवाल्याने दोघांना पाहिलं, पेन्सिल काकूंच्याच हातात दिली आणि नियमांत नसतानाही त्यांच्यासाठी खुर्ची पुसली. लग्नाच्या आठवड्याचा अंक उघडून काकू वाचायला लागल्या. बिनचूकराव चुका ओलांडत ओलांडत पुढे जात, प्रत्येकीपाशी अडखळत. काकूंना चुका दिसतच नव्हत्या, त्यामुळे त्या भरभर गेल्या. "हे घ्या," त्या पंधराव्या मिनिटाला म्हणाल्या. पान पाच, रकाना दोन, महिलांचं सदर: ‘बाळाला न्हाऊ घालताना घाई करायची नाही हं.’

मुलीच्या जन्माच्या दुसऱ्या दिवशीचा अंक. हवामानाच्या मजकुरात कुणा शिकाऊ पत्रकाराने, डोक्यावर पहारा नाही असं पाहून लिहून टाकलं होतं: ‘उद्या छत्री विसरू नका हं.’ बिनचूकरावांना त्याही स्थितीत धक्का बसला. हवामानात? पण त्यांनी तो गिळला आणि उतारा काढला.

ऑपरेशनचे नऊ दिवस जड गेले. एव्हाना बदली माणूस यांच्याच हाताखाली तयार झालेला होता. आठ अंक स्वच्छ, निष्कलंक, वैराण. दोन वाजून गेले. नवव्या अंकाचं शेवटचं पान उरलं. पंचवीस वर्षांची बेरीज बिनचूकरावांच्या डोक्यात पुन्हा यायला लागली होती. काकूंनी पान उलटलं आणि त्यांचं बोट थांबलं. आरोग्याचं सदर. डॉक्टरांनी घरी जाणाऱ्या रुग्णांना सांगितलं होतं: ‘टाके ओले करायचे नाहीत हं.’

"हा अंक तुम्ही मला वाचून दाखवला होतात," काकू हळूच म्हणाल्या. "दवाखान्यात. मला चष्मा लावता येत नव्हता म्हणून."

"मी?"

"सगळा वाचलात, जाहिरातींसकट. मला चांगलं आठवतंय. हे वाक्य तुम्ही वाचलंत, ‘टाके ओले करू नयेत.’"

बिनचूकरावांनी डोळे मिटले. बायकोच्या उशाशी बसून, ती जगेल की नाही या भीतीने जीव अर्धा झालेला असताना, त्यांनी तिला वर्तमानपत्र वाचून दाखवलं होतं आणि वाचता वाचता दुरुस्त केलं होतं. त्यांना हसू आलं की रडू, हे फायलीवाल्याला कळलं नाही. त्याने शिक्क्यावर तोंडाची वाफ दिली आणि तिन्ही चौकोनांखाली जपून उमटवला.

साडेचारला तिसऱ्या मजल्यावर कोशवाल्या बाईंनी फॉर्म तपासला. पाचही चौकोन बोटाने मोजले. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पहिल्यात आणि शेवटच्यात वीस-वीस नोंदी, आणि मधल्या तिन्हींत एकेकच? असं का, ते ‘शेरा’ या जागेत लिहावं लागेल. नाहीतर वरचे लोक म्हणतील, वापर क्षीण."

बिनचूकरावांनी पेन घेतलं. समोर बाई, बाजूला काकू, भिंतीवर पावणेपाच. त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘मधल्या काळात शब्द सर्वत्र वापरात होता. मुद्रितशोधकाने तो छपाईतून काढून टाकला. ही मुद्रितशोधकाची चूक आहे.’ आणि खाली सही केली, कंसात हुद्द्यासकट. चौतीस वर्षांत त्यांच्या नावावर निघालेलं हे पहिलं शुद्धिपत्र. आश्चर्य म्हणजे ते लिहून झाल्यावर त्यांना हलकं वाटलं.

बाईंनी शेरा दोनदा वाचला. वर पाहिलं. मग शिक्का मारला, एक कोरं कार्ड घेतलं, त्यावर तो एक शब्द लिहिला आणि ‘हंगाम’च्या कार्डापुढे खोचून दिला. "पुढच्या महिन्यात छापायला जाईल," त्या म्हणाल्या.

दोघं बाहेर आले. लिफ्टवर ‘बंद आहे’ अशी पाटी होती. जिन्यात कुणीतरी नुकतंच पाणी मारलं होतं. काकू दोन पायऱ्या उतरल्या आणि मागे वळल्या.

"सावकाश उतरा," त्या म्हणाल्या.

बिनचूकराव पहिल्याच पायरीवर उभे राहिले. कठड्याला धरलेला हात त्यांनी सोडला, बोट उचललं, आणि काकूंचं वाक्य जिथे संपलं होतं तिथे, हवेत, एक लहानसं हंसपद काढलं. ओळीत एखादा शब्द राहून गेला की मुद्रितशोधक त्या जागी खालून ही टोकदार खूण करतो आणि वाट बघतो. मुद्रितशोधकाच्या घरात छत्तीस वर्षं काढलेल्या बाईला ती ओळखायला वेळ लागला नाही.

काकूंनी त्या बोटाकडे पाहिलं. मग त्यांनी हात पुढे केला.

"हं," त्या म्हणाल्या.